देवाचा होकार

४ डिसेंबर
मालवणच्या डॉक्टरांनी गोव्याला धाडलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, "हृदयाची झडप टणक झालीय. बदलावी लागेल." मी त्यांच्या कानातल्या कुड्या बघत होते! हे मात्र पांढरेफटक.

रक्त तपासलं, त्याचीही गंमत. वय झालं की हाडाच्या मगजातली एखादी पेशी बदलते म्हणे, आणि मग तिचीच पिल्लावळ रक्तात वाढत जाते. कॅन्सर नव्हे. पण अशा माणसांत झडपेचा आजार जास्त दिसतो.
"त्यामुळेच झालं काय?" ह्यांनी विचारलं.
"नक्की नाही सांगता येत. अभ्यास चालू आहे."

६ डिसेंबर
दुपारभर पडवीत पडून. डोळे मिटले की ती पेशी दिसते— कुठल्याशा हाडात बसलेली, माझ्याच वयाची म्हातारी. मला एक मूल झालं नाही, आणि हिचा एवढा गोतावळा! राग येत नाही तिचा. तिच्याशी बोलता बोलता झोप लागली.

७ डिसेंबर
ऑपरेशन नको म्हटलं. हे जेवलेच नाहीत.

९ डिसेंबर
तोडगा मीच काढला— देवाचा कौल मागायचा. देवाच्या अंगावर लावलेली उजवी पाकळी आधी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर घरी. हे काय नाही म्हणणार? काजूची बाग घेताना, म्हैस विकताना, कौलाशिवाय ह्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. मनातून मला डावीच हवीय. भिते मी, झालं!

१० डिसेंबर
देवळाच्या पायऱ्या चढवेनात. धाप लागली, तिथेच बसले. हे एकटे आत गेले. माडांच्या सावल्या अंगावरून जात होत्या, लांबून समुद्र ऐकू येत होता. मी जागी होते की झोपेत, कोण जाणे. हे आले ते हसतच— "उजवो दिल्यान गो!"

देवच हो म्हणाला. आता भ्यायचं कशाला?

१४ डिसेंबर
गोवा. उद्या मांडीतल्या धमनीतून नवी झडप बसवणार. ह्यांचा हात थंडगार, माझा नाही.

२० डिसेंबर
घरी. विहिरीपर्यंत चालत गेले— धाप नाही! रक्त मात्र तसंच राहणार, तपासत राहू म्हणाल्या बाई. राहू दे. म्हातारी आणि मी एकत्र नांदू.

२१ डिसेंबर
ह्यांना म्हटलं, देवाला नारळ देऊन येऊ.  हे मान खाली घालून— "मी कौल मागूकच नाय गो. त्यान डावो दिल्यान असतो तर?"