मुकादमाच्या पायावरचं पाणी

भिके बाय,

तुझी लेक दक्षा बरी आहे, तिचं पोर पण बरं आहे. आता रडायला बसू नको, पुढचं वाच.

इथे चारोटीच्या पुढे वीटभट्टीवर टँकरचं पाणी पिऊन पोराला जुलाब लागले. सरकारी दवाखान्याची आशाताई बोलली, पाणी उकळूनच पाजा. म्हणून मी चुलीवर टोप चढवला.

मुकादम ओरडला, "म्हातारे, माझी लाकडं जाळते काय?"

मी बोलली, "तुझ्या अंघोळीचं ठेवलंय, जावईबापू."

त्याने माझा दात पाडला. माझ्या मेलेल्या नवऱ्याचा हात हलका होता गं! मग त्याने दक्षाला लाथ घातली, पोर कडेवर असताना. मी सगळं उकळतं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. कातडी सोलून निघाली.

पोर तहानेने रडत होतं, म्हणून दुसरा टोप ठेवला. तो उकळेपर्यंत भट्टीवरच्या बाया कोयते घेऊन चुलीभोवती राखणीला बसल्या.

आज पोलीस येतील बोलतात. मला नेलं तर दक्षा घरी येईल. ती पोचायच्या आधी पाणी उकळून, झाकून ठेव. आपल्या झऱ्याचं गोड आहे म्हणून तसंच पाजशील, तू आळशी आहेस. माझ्या कोंबड्या खा हवं तर, पण एवढं कर.

तुला चिडवायला अजून जिवंत असलेली,
हिरी