बप्पांनी आणलेले आयर्न

युसूफ वडगाव,
१२ नोव्हेंबर

चि. रोहिणीस,
बप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मोबाईलवर अक्षरं माझ्या अंगठ्याखाली मावत न्हाईत आणि तोंडाचं बोलणं तर ऑपरेशनला गेलं, म्हणून पत्र लिहितो. गळ्याची जखम भरलीय. जेवण जातं. पण एका जागी बूड टिकत न्हाई. माणसं येतात, ओसरीवर बसतात, मी चिठ्ठीवर लिहितो आणि तुझी आई वाचून दाखवते. तिनं वाचेपर्यंत समोरचा चहा संपवून उठायला लागतो. चाळीस वर्षं सभा गाजवल्या त्या माणसाची ही गत.

तुला पाठवलेले गोल्फचे नवे आयर्न कसे हायत? मुंबईचा दुकानदार म्हणाला की जगातले अव्वल खेळाडू असल्याच पातळ पाठीच्या काठ्या वापरतात. मी लगेच चिठ्ठी सरकवली, हेच बांध.

आपलं ठरलंय ते ध्यानात असू दे. जानेवारीच्या निवड स्पर्धेत मोठ्या स्पर्धा खेळायचं कार्ड मिळालं तर खुशाल खेळ. न्हाई मिळालं तर घरी यायचं आणि जिल्हा परिषदेला उभं राहायचं. आपला गट बाईसाठी राखीव सुटलाय. माझा आवाज गेला, पण तू बोललीस तर लोकांना मी, सुंदररावच, बोलल्यासारखं वाटंल.

जपून राहा. आमची माया तुझ्यापाशी हायच.

तुझा
बप्पा


पुणे,
२० नोव्हेंबर

ती. आईस,
रोहिणीचा सा. न. वि. वि.

हे पत्र गावी निघालेल्या तानाजीदादाच्या हाती देते आहे. तुझ्याच हातात देईल. बप्पांना वाचून दाखवू नकोस.

त्यांना मी कळवलं की आयर्न फार छान आहेत. दिसायला आहेतच, आरशासारखे लखलखीत. पण आई, या काठ्यांना माफी ठाऊक नाही. माझ्या जुन्या सेटची पाठ खोलगट, पातं रुंद. चेंडू जरा कडेला लागला तरी सांभाळून घ्यायचा. ह्या नव्यांना बरोबर मधोमध लागला तर हातांना कळतसुद्धा नाही, लोण्यातून सुरी जावी तसं. बोटभर चुकला की कोपरापर्यंत झिणझिण्या, आणि चेंडू पाण्यात. कोचनं पात्यावर पावडर मारून मारायला लावलं, तर डाग सगळे टोकाकडे. लांब पल्ल्याच्या काठ्यांना तर मी हात लावायलाच भिते. दांडेही मला जड आहेत.

झोप उडाली आहे. सराव केला की मनगट दुखतं, नाही केला की मन खातं. बप्पांनी आजारातून उठून पहिलं काम केलं ते हे. त्यांना कसं सांगू? आणि कार्ड गेलं तर मी सभेत उभी राहून काय बोलणार? मला चेंडूपुढे उभं राहता येतं, माणसांपुढे नाही.

माझे जुने आयर्न माळ्यावर असतील. तानाजीदादाजवळ गुपचूप देशील का?

तुझ्या मायेची भुकेली,
रोहिणी


युसूफ वडगाव,
२५ नोव्हेंबर

लाडक्या रोहिणीस,
आईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या काठ्या माळ्यावर न्हाईत बाई. त्या तुझ्या बप्पांनी उतरवल्यात.

सोयाबीन निघाल्यापासून खालचं रान मोकळं हाय. तू ठेवून गेलेले चेंडू पिशवीत घालून हे सकाळीच तिकडं जातेत. पहिल्यांदा मी मागं गेलते, म्हटलं पडतेत की काय. बघते तर बांधावरच्या बाभळीकडं तोंड करून दणके घालायलेत. निम्मे चेंडू काळ्या रानाच्या भेगांत गेले. सिदू सालगडी काठीनं उकरून काढतो. गावातली पोरं हसली, पुढारी येडा झाला म्हणाली. पण रोहिणी, तिथून आलेला माणूस दोन घास जास्त जेवतो आणि चिठ्ठ्या फाडून फेकत न्हाई.

तेव्हा गुपचूप मी काही देणार न्हाई. तूच त्यांना लिही. कावून भ्यायचं? गळ्याचं दुखणं सोसलेला माणूस तुझ्या काठीच्या बातमीनं मोडायचा न्हाई. लपवलेलं मात्र त्यांना लई लागतं.

मनगटाला हळद-तेल लाव, आणि जेवत जा. तू सुखात तर मी सुखात.

तुझी
आई


पुणे,
१ डिसेंबर

तीर्थरूप बप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी आयर्न छान आहेत असं लिहिलं होतं. आयर्न छानच आहेत बप्पा, मी त्यांच्याएवढी झालेली नाही. लांबच्या काठ्या माझ्या हाताला ऐकत नाहीत. या महिन्यात माझा खेळ उतरत चालला आहे आणि स्पर्धा तोंडावर आली आहे.

कोच म्हणतात, सगळा सेट एकाच जातीचा असावा असा नियम नाही. जवळच्या फटक्यांना नवे ठेवायचे, लांबच्यांना जुने. बरेच खेळाडू असं करतात म्हणे. मला जुना सेट पाठवाल का? तो सध्या तुमच्या हातात आहे हे आईनं कळवलंय. म्हणून हे मागणं मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

रागावलात तरी पत्रातून रागवा, गप्प बसू नका.

तुमची
रोहिणी


युसूफ वडगाव,
६ डिसेंबर

चि. रोहिणीस आशीर्वाद.

गप्प बसू नका, असं तू मला लिहितेस! मी हसलो. हसण्याचाही आवाज येत न्हाई, पण तुझ्या आईनं बघितलं.

वाईट वाटलं ते काठ्यांचं न्हाई, खोटं लिहिलंस त्याचं. त्या दुकानात मी तुझा हात मोजला न्हाई, तुला विचारलं न्हाई. इतकी वर्षं लोकांना काय पाहिजे ते मीच ठरवत आलो, तीच सवय.

तानाजीबरोबर सेट पाठवतोय. त्यातला सात नंबर मी ठेवून घेतलाय. तो मागू नको. चेंडू बरोबर बसला की जो टणत्कार होतो ना, तो माझ्या हातून निघालेला आवाज असतो. दिवसातून एकदोनदाच निघतो, पण निघतो.

ठरलेलं मात्र ठरलेलंच. इथं पार्टीची माणसं रोज विचारायलीत, ताई कधी येणार. काय सांगू त्यांना?

मन लावून खेळ. आशीर्वाद कमी पडायचे न्हाईत.

बप्पा


पुणे,
१९ जानेवारी

तीर्थरूप बप्पांस व आईस,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं नाही.

पहिल्या दिवशी सगळं गेलं. वारा सुटला होता. बॅगेत हात घालताना जुनी काढू की नवी, याच घोळात मी होते आणि चेंडू कुठेही जात होते. दुसऱ्या दिवशी सावरले. तिसऱ्या दिवशी मात्र मी असं खेळले की असं मी कधीच खेळले नव्हते. जुन्या पाच नंबरनं पाण्यावरून मारलेला चेंडू भोकातल्या झेंड्याजवळ थांबला. नव्या नऊ नंबरनं जे मारलं ते हाताला कळलंच नाही. संध्याकाळी यादी लागली तेव्हा मी थोडक्यात बाहेर होते. कोच म्हणाले, तिसरा दिवस तुझा खरा खेळ आहे, पहिला नव्हे. मी ऐकून घेतलं आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

आता ठरल्याप्रमाणे मी येते. खोली सोडायचं घरमालकाला सांगितलं आहे. सभेत काय बोलायचं ते बप्पा लिहून देतील ना? मला खरंच काही सुचत नाही. रात्रंदिवस तोच तिसरा दिवस डोळ्यांपुढे येतो.

तुमच्या लोभावर विसंबून,
रोहिणी


युसूफ वडगाव,
२४ जानेवारी

लाडक्या रोहिणीस,
आईचे आशीर्वाद. वि. वि.

खोली सोडू नको. घरमालकाला आजच सांग.

इकडं काय झालं ते ऐक. रविवारी पारावर बैठक होती. बप्पांनी चार पानं लिहून दिलती, मी नेहमीसारखी वाचायला उभी राहिले. वारं आलं आणि मधलं पान उडून गेलं. लोक बघायलेत, हे हातवारे करायलेत. मग मी माझंच बोलले. नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी लेकरं कुणाकडं ठेवायची, दवाखान्यात बाई डॉक्टर कावून न्हाई. किती वेळ बोलले मलाच कळलं न्हाई. बाया उठेचनात. एका म्हातारीनं विचारलं, विजयमाला, तूच कावून उभी राहत न्हाईस बाई?

घरी आल्यावर मी वाट बघत होते, आता हे रागावणार. ह्यांनी कागद ओढला आणि लिहिलं की इतकी वर्षं सभेला जाताना तुला घरी का ठेवत होतो, मलाच कळंना. मी म्हटलं, ते राहू द्या, आधी पोरीचं सांगा. तर खाली लिहिलं, तिला तिसरा दिवस सापडलाय, खेळू दे तिला. ठरलेलं मोडायला हा गडी कधी तयार व्हायचा न्हाई, पण झाला.

उद्या केजला माझा फॉर्म भरायला जातोय. तुझे बप्पा इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालायलेत, जसं त्यांनाच उभं राहायचंय. मला मात्र भ्या वाटतंय, तीनदा लुगडं काढून ठेवलं आणि तीनदा परत पेटीत घातलं. चेंडूपुढं उभी राहतीस तेव्हा तुलाबी असंच होतं का? मग काय करतीस? उलट टपालानं लिहून कळव.

तुझ्या पत्राकडं डोळे लावून,
आई