डोळे न उघडलेल्या अम्मनच्या वर्गीकरणाबाबत

प्रति,
माननीय साहाय्यक आयुक्त, सीमाशुल्क (निर्यात),
करैमेडू बंदर, तामिळनाडू.

विषय : मॉरिशसला जाणारी काळ्या ग्रॅनाइटची अम्मन देवीची मूर्ती शीर्षक ६८०२ (घडीव दगड) खाली सोडण्याबाबत व तिचे डोळे शेडमध्ये कोरण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपल्या सहीचा सोमवारचा आदेश.

महोदय,

१. मी कुळंदैवेलु, मामल्लपुरमचा मूर्तिकार. सदर मूर्ती माझे वडील सिंगारम स्थपती यांनी घडवली असून डोळ्यांखेरीज ती पूर्ण आहे. आमच्या रीतीप्रमाणे डोळे देवळातच, प्रतिष्ठेच्या पहाटे, सोन्याच्या छिन्नीने उघडतात. त्यासाठी वडील छिन्नी घेऊन आधीच मॉरिशसला पोचले आहेत. तिथे आमंत्रणे वाटून झाली, मांडव घातला गेला. अम्मन तेवढी आपल्या शेडमध्ये आहे.

२. पेटी उघडताच निरीक्षक श्री. अन्बळगन यांनी विचारले, "काय हो, हिचे डोळे कुठायत?" मी रीत सांगितली. ते म्हणाले, "ते तुमच्या देवळात. इथे अर्धवट मूर्ती म्हणजे दगडच." आणि त्यांनी अम्मनला प्रकरण २५ मध्ये, खाणीतून निघालेल्या ओबडधोबड ग्रॅनाइटच्या पंगतीत, नेऊन बसवले. नाकातली चमकी, बोटांची नखे, साडीच्या चुण्या यांचा विचार झाला नाही. आता माझ्याकडे खाणीचा परवाना मागतात. मी खाणवाला नाही.

३. दाद मागायला वर गेलो, तर अधीक्षक श्रीमती तिलकवती फोटो पाहून म्हणाल्या, "इतकं जुन्या धाटणीचं काम हल्ली कोण करतं? ही पुरातन वस्तू नाही, असा दाखला आणा." म्हणजे खालच्या टेबलावर मूर्ती अजून झालेलीच नाही आणि वरच्या टेबलावर ती शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. मधला जिना चढून-उतरून माझे गुडघे गेले. मला संताप येतो, महोदय. अर्जात तो कुठे लिहितात ते ठाऊक नाही, म्हणून इथेच लिहिला.

४. दरम्यान शेडमधले हमाल पेटीपुढे कापूर लावू लागले आहेत. पेटी कोपऱ्यात ढकलायला सांगितली तर म्हणतात, "अय्या, अम्मनला ढकलायचं काम आम्हाला सांगू नका." दर मंगळवारी नैवेद्याचा पोंगल-भात शिजतो आणि तो आपल्या लेखा विभागापर्यंत पोचतो. दगडाचा प्रसाद कसा चालतो, असे मी श्री. अन्बळगन यांना विचारले. त्यांनी आधी घास गिळला, मग सांगितले, "वर्गीकरण वेगळं, प्रसाद वेगळा."

५. वडील रोज फोन करतात. "निघाली का रे ती?" एवढेच विचारतात. त्यांचा हात आता थरथरतो. यानंतर त्यांच्या हातून कुठल्याच मूर्तीचे डोळे उघडले जाणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळते. जहाज शनिवारी सुटते. ते चुकले तर मुहूर्त गेला, आणि मला रात्रंदिवस दुसरे काही सुचत नाही.

६. आता आपला आदेश आला की शुक्रवारी शेडमध्ये, समितीसमक्ष, मीच साध्या छिन्नीने डोळे कोरावेत, म्हणजे मूर्ती पूर्ण झाल्याचे धरता येईल. सरकारी आदेश आहे, छिन्नी उचलावीच लागेल. परंतु एक बाब आपल्या नजरेस आणणे भाग आहे. अम्मनची पहिली नजर फार कडक असते. मूर्तिकार तेव्हा बाजूला सरतो आणि समोर आरसा व गाय-वासरू ठेवतात. शेडमध्ये गाय आणायला सुरक्षा विभागाने मनाई केली आहे, तेव्हा समोर माणूसच लागेल. आमच्यात असे मानतात की ज्याच्यावर ती नजर पडली, त्याला ती सोडत नाही. तिची पूजा जन्मभर त्याच्याकडे.

७. हे ऐकून श्री. अन्बळगन यांनी शुक्रवारची रजा टाकली. श्रीमती तिलकवती यांच्या भाचीचे लग्न त्याच दिवशी निघाले. समितीतले उर्वरित दोघे आजारी आहेत. आदेशावर सही आपली आहे. तरी शुक्रवारी अम्मनसमोर आपण स्वतः किती वाजता उभे राहणार ते लेखी कळवावे, अथवा गुरुवारीच तिला मिटल्या डोळ्यांनी जाऊ द्यावे, ही विनंती.

सोबत : मूर्तीची छायाचित्रे, देवळाचे मागणीपत्र.

आपल्या दारी ताटकळलेला,
सि. कुळंदैवेलु
करैमेडू बंदर, बुधवार, मार्गळी महिन्याची अखेर