बिनपाण्याचं सरबत

प्रिय बायनाबाई,

विहिणीला कुणी ‘प्रिय’ म्हणतं का, असं मी पिंकीला विचारलं. ती म्हणते, पत्राची रीतच तशी हाय. माझी ही नात कागद मांडीवर घेऊन बसलीय, मी बोलायलेय अन् ती लिहायलीय, तेव्हा तिच्यापुढं माझं काय चालणार. तुमी आपलं हसून घ्या. चौथी शिकलेली विहीण मिळाली म्हणून मी साऱ्या पोखर्णीत मिरवते, तर आता चष्मा लावून हे तुमचं तुमीच वाचा, दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नका. फोन केला असता, पण तुमच्या घरचा फोन राजेश्रीच उचलते. आज मला लेकीशी न्हाई, लेकीच्या सासूशी बोलायचंय.

आधी तक्रार ऐका. तुमी सांगितलेलं सरबत मी घरी करून बघितलं अन् ते कडू झालं. मोगऱ्याच्या कळ्या सांजच्याला खुडल्या, डब्यात साखरेचा थर, कळ्यांचा थर असं रचून झाकण लावलं. सकाळी डबा उघडला तर घरात वऱ्हाड उतरल्यासारखा वास. कळ्या वेचून काढल्या, साखर बारीक केली. टरबूज कुस्करून फडक्यातून गाळलं, भागवतनं शेतातल्या मोसंब्या आणून दिल्या. इथवर सगळं नीट. पण लिंबाच्या बिया काढायचा मला कंटाळा आला, सालीसकट फोडी मिक्सरात टाकून फिरवल्या. भागवतनं एक घोट घेतला अन् म्हणाला, माय, हे औषध कशावरचं हाय? तुमी बियांचं बोलला नव्हता. म्हणा, विहिणीनं एखादी गोष्ट पोटात ठेवूनच सांगायचं असतं. मी बी तुमाला लोणच्याचं अर्धंच सांगितलंय.

तुमच्या हातचं ते सरबत मात्र जिभेवरून जात न्हाई. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई, ही आमच्या घरची रीत. माझ्या आईला ती वरीसभरच पाळावी लागली, कारण भागवतला यायची लय घाई होती. माझी रीत लांबली. गंगाखेडला यायचं तर बाटली घरून भरून आणायची, तुमच्या पंख्याखाली बसून आपलंच कोमट पाणी प्यायचं, अन् तुमी समोर बसून गावाकडच्या गोष्टी विचारायच्या, जसं काही सगळ्याच पाहुण्या आपलं पाणी आपण घेऊन हिंडतात. तुमी कधी आग्रह केला न्हाई, कधी तोंड वाकडं केलं न्हाई. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, तुमच्या लेकीमुळंच तुमचा घसा कोरडा हाय. मी दर वेळी त्या बोलाची तयारी करून यायचे. उत्तर बी बसमध्ये बसून जुळवायचे. ते द्यायची पाळी तुमी कधी येऊ दिली न्हाई, माझी सगळी मेहनत वाया घालवली.

औंदा चैतात आले तेव्हा एसटी वाटेतच बंद पडली अन् बाटली तिथंच संपली. तुमच्या दारात आले तर डोळ्यांपुढं काजवे. राजेश्री तांब्या घेऊन लगबगीनं बाहेर आली, माझ्याकडं बघितलं, अन् तशीच मागं फिरली. तिची पाठ तेवढी मला दिसली. बायनाबाई, आईला लेकीची पाठ बी वाचता येते, त्याला चौथी लागत न्हाई. तेवढ्यात तुमी मोठा पेला घेऊन आला, तांबडा लाल, वर मोगऱ्याचा वास, अन् म्हणाला, “यात पाण्याचा थेंब न्हाई, विहीणबाई. सगळा फळांचा रस हाय. तुमची रीत मोडत न्हाई, प्या.”

मी काय सरळ प्यायले का? एवढी तहान लागली तरी विहीणपणा सोडला न्हाई. बर्फ घातला का, विचारलं, कारण बर्फ म्हणजे पाणीच. तुमी म्हणाला, घातला न्हाई, भांडं रात्रभर फ्रिजात ठेवलं होतं. फुलं कशानं धुतली? मोगरा धूत न्हाईत, झटकतात, म्हणाला. पेला कशानं विसळला, हे मात्र मी विचारलं न्हाई. जास्त खोलात गेले असते तर तहानेनं मेले असते. गटागटा प्यायले. आधी टरबुजाची गोडी, मग लिंबाचा चटका, अन् पेला ठेवल्यावर नाकात उरलेला मोगरा. दाराआडून राजेश्री बघत होती, अन् लय दिवसांनी हसत होती. रातच्याला पडल्या पडल्या ध्यानात आलं, कळ्या साखरेत मुरायला एक रात्र लागते, सरबत गार व्हायला दुसरी. म्हणजे मी येणार म्हणल्यापासून तुमचं हेच चाललं होतं. माझी बाटली संपली नसती तरी तो पेला माझ्यापुढं आलाच असता.

आता ज्याच्यासाठी पिंकीला बसवलं ते सांगते. परवा राजेश्रीचा फोन आला होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, आता इलाज बंद करा, मूल व्हायचं न्हाई. हे सांगताना ती रडली न्हाई. रडली ती पुढचं सांगताना. तुमची जाऊ घरी येऊन तुमाला म्हणाली म्हणं, योगीराजला दुसरी बायको बघा, अजून वय गेलं न्हाई. अन् तुमी पीठ मळता मळता म्हणाला, “मी सून आणली हाय. नातवाच्या बोलीवर आणली नव्हती.” राजेश्री आतल्या खोलीत होती, तिनं ऐकलं. तुमाला ठाऊक न्हाई तिनं ऐकलंय ते. मी ऐकल्यापासून कामात हात चालंना. जे मी तिची आई असून तिला बोलले न्हाई, ते तुमी बोलला. ह्याचं काय देणार मी तुमाला? लोणच्याचं उरलेलं अर्धं सांगते, तेवढंच हातात हाय. बाकी येत्या गुरुवारी येतेय. सरबताचा घाट घालू नका. उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसं माठातलं साधं पाणी द्या, अन् ते राजेश्रीच्या हातून द्या. ती समोर उभी असताना मी पिणार हाय.

तुमचीच विहीण,
मनकर्णा