पडते एक, उठते दुसरी

१२ जानेवारी, रविवार

खोटं बोलली! ब्राह्मी माझ्याशी खोटं बोलली — आणि एकदा नाही, गेली चार वर्षं, दर रविवारी मुंबईहून फोन करून!

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी राजनंदिनी दुपारी मोबाईल घेऊन खाली आली. म्हसवडची पोरगी, इथं सांगलीत कॉलेजला आहे, सिनेमांचा लय नाद. म्हणाली, "काकू, ह्ये बगा की. ही तुमच्या ब्राह्मीताईवानी न्हाई दिसत?" सिनेमा कसा बनवतात त्याचा व्हिडिओ होता. कमरेला दोर बांधलेली एक मुलगी, पाठमोरी, उंच गच्चीच्या कडेला उभी. कुणीतरी ओरडलं — आणि तिनं खाली उडी टाकली. मी किंचाळलेच. खाली गाद्या होत्या म्हणे. हिरोईनच्या जागी उड्या मारणारी डुप्लिकेट.

डावं कोपर. सातवीत पेरूच्या झाडावरून पडली तेव्हापासून ते जरा बाहेर वळतं. पाठ कुणाचीही वाटू दे, कोपर माझ्या मुलीचं आहे.

संध्याकाळी तिचा फोन. "काम बरं चाललंय आई. ऑफिसात एसी असतो, सर्दी होते तेवढीच." मी म्हटलं, सुंठ घे.

विचारलं नाही. का नाही विचारलं?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बस्तीत जाऊन भगवंतांचं दर्शन घेऊन आले. घरी आल्यावर तिळगूळ द्यायला कुणी नाही. राजनंदिनीला हाक मारली. हे असते तर त्याच रविवारी मुंबईची गाडी धरली असती, तिला समोर बसवून विचारलं असतं. मी नुसती डबे पुसत बसले.

१७ जानेवारी, शुक्रवार

दिवस मावळायच्या आत माझं जेवण होतं. मग संध्याकाळ संपता संपत नाही. आता ठरवलंय — तिचे सिनेमे बघायचे. राजनंदिनी टीव्हीला काहीतरी जोडून देते आणि समजावून पण सांगते. "काकू, ॲक्शन म्हंजे नुसती हाणामारी न्हाई. त्यात बी जाती असत्यात."

आज खजिन्याची जात बघितली. नकाशा, जंगल, गुहा. लाकडी पूल दिसला की तो तुटणारच, हे मला दुसऱ्याच सिनेमात कळलं. घोडे-तलवारीचे वेगळे — त्यात हिरो एकटा आणि समोर शंभर, पण ते शंभर एकेक करून पुढं येतात. सगळे एकदम का येत नाहीत? राजनंदिनी म्हणाली, "आवं काकू, मग पिच्चर दहा मिनिटात संपंल!" खूप हसलो दोघी. कितीतरी दिवसांनी घरात दोन माणसांचं हसू झालं.

खून आला की मी डोळे मिटते, णमोकार मंत्र म्हणते. मग ती सांगते, "उगडा डोळं, मेला त्यो."

१९ जानेवारी, रविवार

फोन आला. सर्दी बरी आहे. मला वाटलं आज सांगेल. नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सापडली! पुराच्या सिनेमात. असे संकटाचे सिनेमे म्हणजे आणखी एक जात — पूर, वणवा, भूकंप. त्यात शत्रू माणूस नसतो म्हणून मला त्यातल्या त्यात बरे वाटतात. छपरावरून हिरोईनचा पाय निसटतो आणि ती लोंढ्यात पडते. लाल साडी, पाठ, आणि ते कोपर. मी उठून टीव्हीपाशी गेले. पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा. पुन्हा.

पण उठताना दिसत नाही! पाण्यात पडते माझी मुलगी, आणि वर डोकं काढते ती दुसरीच — गोरी, काजळ न पुसलेली. हिरो तिलाच मिठी मारतो. माझी पाण्यातून बाहेर आली की नाही, तिला कुणी टॉवेल दिला का, काहीच नाही. राजनंदिनी म्हणते, तोच तर नियम हाय, डुप्लिकेटचं तोंड दिसलं तर सीन वाया.

अजून एक माझ्या ध्यानात आलंय. ह्या सिनेमांत आई नसतेच. युद्धाच्या सिनेमात असते, पण फोटोत. आणि जो आईचा फोटो बघतो तो गोळी खाऊन मरतो. हेरांच्या सिनेमात तर हिरोला घरदारच नसतं. बाकीच्यांत आईला पहिल्या वीस मिनिटांत मारतात, म्हणजे पोराला पेटून उठायला कारण मिळतं. एकाही हिरोला रविवारी आईला फोन करावा लागत नाही.

चहा करून प्यायला बसले. दोन कप झाला होता.

२६ जानेवारी, रविवार

फोन नाही. मी केला. बंद.

२७ जानेवारी, सोमवार

बंदच. काही खाल्लं नाही. उपास आहे असं राजनंदिनीला सांगितलं.

२८ जानेवारी, मंगळवार

राजनंदिनीचा मामा पाटणला असतो, ज्योतिबा नावाचा. त्यानं सांगितलं, कोयनेच्या काठाला मोठं शूटिंग लागलंय. हिनं मोबाईलवर शोधलं — त्या व्हिडिओतलीच माणसं आहेत. म्हणजे मुलगी पाटणपर्यंत आली आणि सांगलीला आली नाही! आधी राग आला. मग वाटलं, निदान धडधाकट असेल. गुरुवारी जाणार.

३० जानेवारी, गुरुवार

जाऊन आले.

कराडला गाडी बदलली. पाटणच्या स्टँडवर मामा जीप घेऊन उभा होता. नदीच्या अलीकडे दोरी बांधून गर्दी अडवलेली. पलीकडे उंच मचाण, त्यावर एक मुलगी पाठमोरी — पिवळा कुडता, वेणी. सगळं गाव श्वास रोखून उभं. मी राजनंदिनीचा हात इतका दाबला की ती "आगं आई" म्हणाली.

मुलगी पडली. हवेत तिचे दोन्ही हात पसरले.

कोपर सरळ होतं.

ब्राह्मी नव्हती ती. गादीवरून उठली, खोकली, कुणीतरी तिला पाणी दिलं. पहिल्यांदा बघितलं मी, पडलेली मुलगी उठते ती! कुणाची तरी मुलगी. मला रडूच आलं.

दोरी सांभाळणारा एक आडदांड पोरगा जवळ आला. शंभूराज नाव, कराडकडचा, तोही पडायचंच काम करतो. मी ब्राह्मीचं नाव घेतलं तर एकदम वाकून पाया पडला. "आवं, तुमी ताईंच्या आई? ताईंनीच शिकवलं मला. आता कशी हाय कंबर त्यांची?"

मी राजनंदिनीकडं बघितलं.

"चालत्या ट्रकवरनं उडी व्हती. दोर वेळंवर ताणला न्हाई. वरीस झालं की." मग माझ्या तोंडाकडं बघून त्याचा आवाज बारीक झाला. "तुमास्नी म्हाईत हाय न्हवं?"

"माहीत आहे की," मी म्हटलं. "सांगितलंय तिनं."

मीही खोटंच बोलले. त्या पोराच्या डोळ्यांत आणखी काही बघवलं नसतं मला.

त्याच्याकडूनच कळलं — काठीशिवाय तिला चालता येत नाही, आता ती खरंच ऑफिसात बसते. गाद्या, दोर कुठं काय पाठवायचं ते बघते. माझी मुलगी वर्षभर काठी धरून चालत होती, आणि मी इथं बसून तिची पाठ शोधत होते, ती धडधाकट होती तेव्हाची.



२ फेब्रुवारी, रविवार

फोन आला. मोबाईल बिघडला होता म्हणे. "काम बरं चाललंय आई." मी विचारलं, "बसूनच असतं ना काम?" पलीकडे खुर्ची करकरली. मग म्हणाली, "हो. बसूनच."

ठेवल्यावर लगेच राजनंदिनीला उद्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. "एकल्या जाणार व्हय काकू?" एकटीच.

४ फेब्रुवारी, मंगळवार, मुंबई

दार उघडायला तिला वेळ लागला. मला बघून काठी भिंतीला टेकवली, नमस्काराला वाकायला गेली आणि अर्ध्यात थांबली. "आई, मला वाकता येत नाही गं." मग मीच खाली बसले, तिच्या पायांना हात लावला. गार होते. बराच वेळ चोळत बसले.