तिसऱ्या बेसवरचा नमस्कार

।। श्री कानिफनाथ प्रसन्न ।।

नागापूर, अहिल्यानगर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रेश्मा हिस,

राजेश्वरीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू टेम्पोने धाडलेले सारे पोचले. बाजरी, हुलगे, लसणाची वेणी आणि मढीचा अंगारा. टेम्पोवाल्याने साठ रुपये घेतले. मी पन्नासच देणार होते, पण त्याने पिशवी जिन्यावरून वर आणून दिली, मग माझे तोंड बंद झाले. बाजरीच्या पिशवीला खाली भोक होते. पुढच्या वेळी दोरा मी धाडीन, म्हणजे तुला निमित्त उरणार नाही.

हे फोनवरही सांगता आले असते. पण तुमचा फोन माझ्या भावाच्या, ज्ञानेश्वरच्या खिशात, आणि तो स्पीकरवर ठेवून अर्ध्या शिवाराला ऐकवतो. आपल्या दोघींचे पत्रच बरे.

तुझी लेक संस्कृती माझ्याकडे मजेत आहे. येत्या रविवारी तिच्या शाळेचा बेसबॉलचा जिल्ह्याचा अंतिम सामना. हा खेळ काय असतो म्हणून तू विचारले होतेस. चार कोपऱ्यांना चार बेस, म्हणजे जमिनीला खिळलेल्या लहान गाद्याच. बॅटने चेंडू मारायचा आणि एकेका बेसला पाय लावत फिरून सुरुवातीच्या कोपऱ्यात, म्हणजे घरी यायचे, की एक रन. बेसला पाय टेकून आहे तोवर कुणी काही करू शकत नाही. पाय सुटला आणि चेंडू धरलेल्या मुलीने शिवले, की आउट. धावून जमले नाही तर या पोरी मातीत घसरत जातात. तिची पँट धुता धुता साबण आठवड्यात संपतो, पण ते राहू दे.

ज्ञानेश्वरची अट मी विसरलेली नाही. यंदा जिल्ह्याच्या संघात नाव आले तर दहावीही माझ्याकडे, नाही आले तर उन्हाळ्यात पोर तिसगावला परत आणि खेळ बंद. संस्कृतीही विसरलेली नाही, झोपेतसुद्धा पळते. देवापुढे दिवा लावला, पण जिंकणे मागितले नाही. समोरच्या मुलीही कुणाच्या तरी लेकीच ना. फक्त हिला घाबरू देऊ नको, एवढेच म्हटले.

तब्येतीला जप.

तुझी,
राजेश्वरीताई


तिसगाव
२१ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईंस,

रेश्माचा शि. सा. न. पत्र पोचलं. भोकाचं ऐकून आधी हसले, मग लाजले. दोरा नको, मन लावून शिवीन.

ताई, इकडं यांचं सगळं ठरल्यात जमा आहे. दहावीच्या प्रवेशाचं इथल्या हेडमास्तरांशी बोलून आलेत. मी म्हणाले, अजून सामना व्हायचाय की. तर म्हणाले, मातीत लोळायला शहरात कशाला जावं लागतं, आपल्या रानात काय माती कमी आहे? बोलतात असं, आणि संध्याकाळी पोरीच्या रिकाम्या खाटेवर बसून चहा पितात. म्हणून मला त्यांचा राग धरता येत न्हाई.

माझं विचाराल तर मलाच कळंना. लेक जवळ असावी असं रोज वाटतं. पण दिवाळीला आली तेव्हा अंगणात लिंबू फेकून झेलत होती, तेव्हाचं तिचं तोंड मी पाहिलंय. ते तोंड इथं दहावीच्या पुस्तकात घालून मिटून ठेवायचं का?

दाजींना नमस्कार. माया अशीच असू द्या.

तुमची,
रेश्मा


नागापूर, अहिल्यानगर
२ डिसेंबर २०२५

चि. सौ. रेश्मा हिस,

अनेक आशीर्वाद. हरलो, एवढे ज्ञानेश्वरला फोनवर सांगितले. कसे, ते सांगवले नाही. आता नीट ऐक.

शेवटचा डाव, आपण एका रनने मागे. दोन मुली आउट झालेल्या, तिसरी झाली की खेळ खलास. संस्कृती दुसऱ्या बेसवर. चेंडू लांब गेला तशी ही सुटली आणि घसरत तिसऱ्या बेसला जाऊन भिडली. पंचांनी दोन्ही हात पसरून ती वाचल्याची खूण केली. मी तर चप्पल सोडून उभी राहिले.

पण घसरताना तिचा पाय तिथे उभ्या असलेल्या समोरच्या संघातल्या दीपा नावाच्या मुलीच्या नडगीला लागला. आणि आपली लेक काय करते? उठली, बेसवरून उतरली, वाकून दीपाच्या पायाला हात लावला आणि तो छातीशी नेला. कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आपल्याकडे मूल चालायला लागले की शिकवतात. दीपाच्या हातमोज्यात चेंडू होता. तिने सवयीने शिवले. पंचांची मूठ वर गेली. आउट.

समोरच्या पोरी नाचायला लागल्या. दीपा तेवढी नाचेना, तीच रडत बसली, मी शिवायला नको होते म्हणून. संस्कृतीला खेळ शिकवणाऱ्या बजरंग सरांनी तिची समजूत काढली, म्हणाले, चेंडू हातात असताना शिवायचे नाही तर काय ओवाळायचे?

माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, असले शिकवता कशाला मुलींना. राग आला, तो गिळून मी चप्पल शोधायला वाकले. रिक्षात संस्कृतीने विचारले, आत्या, यापुढे पाय लागला तर नमस्कार करू की नको? रेश्मा, इतकी वर्षे पोथी वाचते, पण मला सांगता आले नाही.

उत्तर पंचांकडे निघाले. दुसऱ्या दिवशी बजरंग सर तिला त्यांच्याकडेच घेऊन गेले. ते म्हणाले, बेसवर पाय ठेवूनच हात वर करायचा आणि टाइम मागायचा. मी टाइम दिला की खेळ थांबतो. मग नमस्कार कर, कपडे झटक, हवे तर आरती म्हण.

शनिवारी जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी झाली. ही पुन्हा घसरली, पुन्हा एकीला पाय लागला.  हिने बेसवर घट्ट पाय रोवून हात वर केला, टाइम मागितला, मिळाला, आणि मग वाकली. पंच हसले. दीपाही चाचणीला होती, तिने टाळी वाजवली.

काल यादी लागली. दीपा संघात. संस्कृती राखीव मुलींत पहिली. म्हणजे संघाबरोबर सराव करायचा, गावोगावी जायचे, पण कुणी दुखावली तरच खेळायचे. आता हे नाव आले म्हणायचे की नाही? संस्कृती म्हणते, नाही आले. सकाळपासून पुस्तके पिशवीत भरते आहे. मी ज्ञानेश्वरपुढे वकिली करणार नाही. अट त्याची होती आणि मी कबूल केली होती. झाले ते सगळे त्याला वाचून दाखव, काही गाळू नकोस.

तुझी,
राजेश्वरीताई


तिसगाव
६ डिसेंबर २०२५

ती. सौ. ताईंस,

शि. सा. न. तुमचं पत्र ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. यांनी पाय लागल्याचा भाग दुसऱ्यांदा वाचायला लावला. शेजारचे आप्पासाहेब आले होते, ते हसून म्हणाले, म्हंजी पाया पडली आन् पडलीच की पोरगी! हे उसळलेच. म्हणाले, पाया पडून आउट झाली, कुणाचा पाय ओढून न्हाई. आप्पासाहेब चहा न घेता गेले.

 मी धीर करून विचारलं, राखीव म्हणजे नाव आलं का न्हाई? तर मला घेऊन विहिरीवर गेले. तिथं दुसरी मोटार झाकून ठेवलीय ना, ती दाखवली. म्हणाले, पहिली जळाली की कांदा हिच्यावरच तगतो, हिला मी कधी मोटार न्हाई असं म्हणलोय का? मी म्हणाले, मग हे पोरीला सांगा की. तर म्हणाले, तू लिही, मी सांगतो. आता शेजारी बसून सांगताहेत आणि माझ्या अक्षराला नावंही ठेवताहेत.

तर ताई, पुस्तकं पिशवीतून काढायला सांगा. दहावी तिकडंच. हेडमास्तरांना हे स्वतः जाऊन सांगणार आहेत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते कागदावर पडलं तर अक्षराला पुन्हा नावं ठेवू नका, दोघं बहीणभाऊ.

आणखी एक सांगताहेत. पुढचा सामना बघायला हे येणार, पोरगी खेळो नाहीतर बसून राहो. फक्त बापानं नेमकं कुठं बसायचं, आणि पोरींच्या सामन्यात मोठ्यानं ओरडलेलं चालतं का, ते विचारून उलट टपाली कळवा.

तुमची,
रेश्मा