शून्य ग्रॅम तूप

३ एप्रिल, गुरुवार. शहादा.
वजन ६१.४० किलो. सकाळी, उपाशी.
वीस तारखेला नमनचं लग्न. चुलतभाऊ आहे, साधा ड्रेस चालणार नाही. मम्मीचा लाल पोशाख माझा, हे मी सातवीत असताना मम्मीनेच ठरवलंय. आज तो कपाटातून काढला. घागऱ्याला नाडी आहे, प्रश्न नाही. चोळीच्या हुकांत मात्र चार सेंटिमीटर अंतर राहिलं.
मग माझ्या भावाच्या, मयंकच्या बायकोने घालून पाहिली. लग्न होऊन पाच महिने झाले. कपाटापर्यंत पोहोचली. (तोंडावर भाभी म्हणते. वहीत चांदनी.) सगळे हुक लागले, वर बोटभर सैल.
मम्मी म्हणाली, "माझ्या आईच्या हातची शिवण आहे, उसवायची नाही. जिला बसेल ती घालेल."
नियम सोपा आहे. मला मत्सर वाटत नाही. फक्त नोंद.

४ एप्रिल, शुक्रवार.
आजपासून आम्हा जैनांचं चैत्रातलं व्रत, ओळी. नऊ दिवस आयंबिल: दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. तूप, तेल, दूध, दही, गूळ, साखर बंद. लोक धर्मासाठी करतात. मम्मीला मीही तेच सांगितलं.
मी ऑइल मिलमध्ये केमिस्ट आहे. सरकीत किती टक्के तेल, हे रोज काढते. फॅट म्हणजे काय, हे या घरात फक्त मला कळतं.
रोजचं फॅट ६५ ग्रॅम. गुणिले नऊ, ५८५ कॅलरी. नऊ दिवसांच्या ५,२६५. भागिले ७,७००. घट ०.६८ किलो. बाकीचं शरीरातलं पाणी जाईल. चार सेंटिमीटर सहज.
आयंबिलशाळेत सहा कोरे फुलके, मूग, भात. फॅट: जवळजवळ शून्य.

५ एप्रिल, शनिवार.
रात्री चांदनीचं ताट पाहिलं. मुद्दाम नाही, समोरच होतं. मम्मीने स्वतःच्या हाताने फुलक्यांवर तीन चमचे तूप सोडलं. चांदनीने दोन फुलके खाल्ले, "बस मम्मीजी, पोट भरलं," म्हणाली आणि ताट सरकवलं.
तीन चमचे म्हणजे पंधरा ग्रॅम. एका जेवणात. हे असं चालणार नाही. तिचं, म्हणजे.
मला भूक नव्हती. फुलक्यांचा वास घरभर येतो, त्याला इलाज नाही. लवकर झोपले.

६ एप्रिल, रविवार.
तुपाच्या बरणीचं वजन करायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातला काटा, सकाळ-संध्याकाळ. आजचा फरक ४२ ग्रॅम. मयंक आणि पप्पा जेवायला नव्हते, मम्मी तूप कमी खाते. हिशेब उघड आहे.
या गतीने लग्नापर्यंत चोळी तिलाही बसणार नाही. वाईट वाटतं.
आज नऊ फुलके. एकदा उठलं की उद्या दुपारपर्यंत काही नाही, त्यामुळे साठा लागतो. फॅट नाही म्हटल्यावर प्रमाणाला अर्थ नाही.

७ एप्रिल, सोमवार.
चांदनी म्हणाली, "बाईसा, तुमचा निळा ब्लाउज एक दिवस द्याल?" (बाईसा म्हणजे मी, नणंद.)
जानेवारीत शिवलेला, मला नीट बसणारा. कशाला, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ती आणि मम्मी मिळून किती इंच ते बघून हसणार असतील. दिला. माणसाने मोठं असावं.
मागच्याच महिन्यात मम्मीने माझ्या ताटात तूप वाढलं असतं तर मी हात आडवा धरला असता. तिने वाढलंच नाही. कॉलेजात असताना मीच तिला "माझ्या ताटात थेंबही नको" सांगितलं होतं, ते ती अजून पाळते. चांगली सवय. चांदनीला लावायला हवी.

८ एप्रिल, मंगळवार.
आयंबिलशाळेत कौसाबाई फुलके भाजते. आज तवा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "रूपलताई, हाऊ उपास शे का पंगत? मी मोजी ऱ्हायनी, हाई बारावी शे."
शेजारच्या दोन काकू पाण्याचा पेला तोंडाशी धरून हसल्या.
मी शांतपणे समजावलं की मर्यादा फॅटला आहे, संख्येला नाही. ती म्हणाली, "मंग आखो दोन ल्या."
घेतले. तत्त्व म्हणून.
पोट भरतं, पण समाधान होत नाही. शरीर जुळवून घेत असावं.

९ एप्रिल, बुधवार.
वजन ६२.१०.
काटा बिघडला.

१० एप्रिल, गुरुवार.
महावीर जयंती, मिलला सुट्टी. तरी काटा घेऊन गेले आणि लॅबच्या प्रमाणित वजनांवर तपासला. वीस किलोला बरोबर वीस. काटा ठीक आहे. शहाद्यात आज बेचाळीस अंश होतं. उष्णतेचा परिणाम पूर्णपणे नाकारता येत नाही.
परत येताना गल्लीच्या तोंडाशी चांदनी दिसली. मीनाबाई टेलरच्या दारात, हातात लाल पोशाखाची पिशवी. मला पाहून पिशवी पदराआड.
बोटभर सैल होती ना. आवळून घेत असणार. मम्मीने उसवायला नाही म्हटलं होतं, आवळायला नाही. सुनेसाठी नियमात फट सापडते.
चौदा फुलके आणि एक वाटी जास्तीचा भात.

११ एप्रिल, शुक्रवार.
चांदनी पाण्याच्या टाकीजवळ काट्यावर उभी होती. मी मागून आकडा वाचला. ४८.६०. पाच महिन्यांपूर्वी लग्नात तिच्या आईने सांगितलेला आकडाही हाच.
शक्यता: थायरॉइड. तिला सांगणं माझं कर्तव्य आहे, पण लग्नानंतर.

१२ एप्रिल, शनिवार.
ओळी पूर्ण. नऊ दिवसांत एकही थेंब तेल-तूप नाही. प्रयोग म्हणून निर्दोष.
वजन घेतलं नाही. एका आकड्यावर माणसाने अवलंबून राहू नये. हुक बोलतील.

१३ एप्रिल, रविवार.
सकाळी पारणं. मम्मीने पहिला घास भरवला. घरचे सगळे जमले होते. मग चांदनीने पोशाख माझ्या पुढ्यात ठेवला.
"बाईसा, घालून बघा. मम्मीजींना मी मनवलं. शिवणीच्या आत चार सेंटिमीटर कापड दुमडलेलं होतं, मीनाबाईने सगळं सोडलं. तुमच्या निळ्या ब्लाउजच्या मापाने. टाके नानीजींच्याच धाग्याच्या रंगाचे."
मी म्हटलं, मग तू काय घालणार? म्हणाली, "मला ती सैलच होती. आणि तो तुमचाच आहे, मम्मीजी पहिल्या दिवसापासून सांगतात."
दार लावून घातला. खालचे दोन हुक लागले. वरचे तीन नाही. अंतर एक सेंटिमीटर.
वजन ६२.६५. तीन तारखेच्या मापाने शिवलेली चोळी तीन तारखेच्या मला बसली असती.
बाहेरून मम्मीने विचारलं, झालं का. मी म्हटलं, हो. मग म्हटलं, नाही.
मीनाबाईला बोलावलं. तिने शिवण उलटून दाखवली. आता आत कापडच नाही. चांदनीला तर ती आता कोटासारखी होते. मम्मी बराच वेळ चोळीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.
चांदनी म्हणाली, "एकच सेंटिमीटर आहे, बाईसा. सात दिवस आहेत. माझ्या ताटाला लागून बसा."
दुपारी बसले. मम्मीने हातात तुपाची वाटी घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी हात आडवा धरला नाही.
फुलके दोन. तूप मोजलं नाही. तिसरा फुलका समोर आला तेव्हा नको वाटला.
निरीक्षण एकाच जेवणाचं आहे. त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. उद्या पुन्हा, त्याच जागी बसून तपासेन.